ठणठणाट

"दुकानमा ते बठ्ठा ठणठणाट शे," चुडामण पाटील ओट्यावरूनच म्हणाले आणि गाडीकडे वळले.

पडद्याआड हसीनाबी गोंधळली. बुऱ्हाणपुराहून लग्न होऊन ती पारोळ्याला आली, तेव्हा इथला हाच शब्द तिच्या कानी पहिल्यांदा पडला होता. शेजारच्या धुरपदाबाई भांडायला आल्या होत्या, "तुना दादलाना ठणठणाट दिनभर चालस, मनं डोकं उठी गयं!" तेव्हापासून ठणठणाट म्हणजे पत्र्यावर पडणारा तिच्या नवऱ्याचा, नासीरचा हातोडा. तो चालू असला की घरात चूल पेटायची.

पण पावसाळ्यात नासीरची उजवी बाजू लुळी पडली आणि दुकान मुकं झालं. मग आता कसला ठणठणाट?

तिनं धुरपदाबाईंना विचारलं. त्या जरा अडखळल्या. "रिकामं भांडं बी ठणठण वाजस ना, माय. काईच नही ऱ्हायनं, त्याले बी तसंच म्हनतस."

हसीनाबी घरात आली तर नासीर भिंतीकडे तोंड करून पडलेला. त्यानंही ऐकलं होतं.

ती तशीच बाहेर धावली. पाटील अजून गाडीला बैल जुंपत होते. "पाटील! मोट चाहिए ना? आठ रोज में आव."

पाटलांच्या केळीला पाणी हवं होतं आणि विहिरीवरची जुनी पत्र्याची मोट फाटली होती. ते थांबले, तिच्याकडे पाहिलं, "बरं" म्हणाले.

इतकी वर्षं नासीर रिवेट ठोकायचा, तेव्हा पत्रा हसीनाबीनंच धरलेला. हातोडा मात्र कधी उचलला नव्हता. पहिल्याच दिवशी अंगठा ठेचला. दुसऱ्या दिवशी दीर, सरदार, तणतणत आला. "भाभी, बाजार में औरत हातोडा मारती क्या? लोग थूकेंगे हम पर."

उत्तर नासीरनं दिलं. वाकड्या ओठांतून शब्द मोठ्या कष्टानं निघाले. "पत्रा... तू धरता क्या?"

सरदार खाली बघत निघून गेला. हसीनाबीनं नवऱ्याला बखोटीला धरून दुकानात आणून टेकवलं. डाव्या हातानं तो पत्रा दाबून धरू लागला.

आठव्या दिवशी पाटील आले. मोट ओट्यावर ठेवून दोन घागरी पाणी ओतलं. सगळे वाकून बघत राहिले. एका सांध्यातून थेंब आला, मग धारच लागली.

"गळी ऱ्हायनी, भाभी," पाटील हळूच म्हणाले.

हसीनाबीचा चेहरा उतरला. सबब तिनं सांगितली नाही. पाणी ओतून टाकलं, मोट उलटी केली आणि पदर खोचून पुन्हा हातोडा उचलला.

पाटील मग गाडीजवळ गेले, बैलांच्या मानेवरचं जू उतरवलं, त्यांच्यापुढे कडब्याची पेंढी सोडली आणि चाकाला पाठ टेकून सावलीत बसले.