कडक भाकऱ्यांचा डबा

विजयमाला रोज दुपारी शेजारच्या गुरम्माकडं जायची आणि परत यायची तेव्हा तिच्या पातळाला चुलीच्या धुराचा वास असायचा. घरात रॉकेलचा स्टो असताना सुनेच्या अंगाला धुराचा वास का यावा? मथुराबाईच्या मनात पाल चुकचुकली ती इथं.

तशी संशयाची तिला जुनीच सवय. दुधात पाणी घातलंय हे ती गवळी यायच्या आधीच सांगायची. गावी करकंबला असताना, कुणाची तरी कोंबडी आपल्या परड्यात चोरून येते म्हणून तिनं चांगली पाळत ठेवली होती, आणि शेवटी निघालं काय, तर कोंबडी तिची स्वतःचीच. नवरा म्हणायचा, "तुला पोलिसात भरती केलं असतं तर सरकारचं कल्याण झालं असतं." दुष्काळाच्या साली तो गेला. वर्षश्राद्ध झालं आणि गिरणीत कामाला असलेल्या कुंडलिकानं आईला सोलापूरला, शुक्रवार पेठेतल्या आपल्या दोन खोल्यांत आणलं. करकंबच्या घराला कुलूप लागलं. किल्ली मथुराबाईच्या कमरेच्या पिशवीत राहिली, आणि झोपतानाही ती पिशवी तिनं कधी सोडली नाही.

मग वैरागची विजयमाला सून म्हणून आली आणि घराचं रूपच पालटलं. चूल गेली, स्टो आला. कुंडलिकानं कडाप्प्याचा ओटा बांधून घेतला. "उभ्यानं भाकरी थापायची? का, यष्टी पकडायची हाय का?" मथुराबाई म्हणाली होती. पण कुणी भांडलं नाही, त्यामुळं तिचीही पंचाईत झाली. भांडणाऱ्या सुनेचं मन कळतं. ही पोरगी सगळ्याला "व्हय आत्याबाई" म्हणायची. गोड बोलणाऱ्या माणसाचा मथुराबाईला कधीच भरवसा वाटला नव्हता.

आता विजयमालाला सातवा संपत आला होता. ओटी भरून झाली होती. पहिलं बाळंतपण माहेरी, हे ठरलेलंच. आठवड्याभरात तिचा भाऊ न्यायला येणार होता. म्हणजे सून जाणार, घर पुन्हा आपल्या हातात येणार, असं खरं तर मथुराबाईला वाटायला हवं होतं. पण ती सुनेच्या जाण्याचे दिवस मोजत रात्र रात्र जागी राहायची.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही. सगळ्यांच्या चोऱ्या हुडकणाऱ्या मथुराबाईकडं स्वतःची एक चोरी होती. दिवाळीपासून तिचे डोळे गेले होते. अगदी अंधार नव्हता. सगळं ताकातून बघितल्यासारखं दिसायचं. माणूस दारात आलेला कळायचा, पण कोण ते त्यानं तोंड उघडल्याशिवाय कळायचं नाही. तांदूळ निवडायची वेळ आली की तिची कंबर दुखायची. सुईत दोरा ओवायचा म्हटलं की जप आठवायचा. एकदा भाकरी उलटताना तिची बोटं तव्यावर टेकली, टरारून फोड आले, तेव्हा "तेल उडलं" म्हणून ती मोकळी झाली.

सांगून टाकायला काय झालं होतं? झालं होतं बजाबाईचं. करकंबची बजाबाई तिची मैत्रीण. डोळे गेल्यावर लेकानं तिला मळ्यातल्या खोपीत नेऊन ठेवलं. "तितं हवा चांगली हाय," म्हणाला. बरोबर काय दिलं? कडक भाकऱ्यांची चवड आणि चटणीचं गाडगं. ती चवड मथुराबाईनं तेव्हा चांगल्या डोळ्यांनी बघितली होती. त्या खोपीतून बजाबाई काही परत आली नाही.

त्या दिवशी दुपारी विजयमाला धुराचा वास घेऊन आली, तेव्हा मथुराबाई भिंतीकडं तोंड करून पडली होती. झोपलेली मात्र नव्हती. सून पाय न वाजवता आत गेली. पत्र्याच्या डब्याचं झाकण करकरलं आणि हळूच बंद झालं. हळूच का? उघड काम करणारा माणूस झाकण आपटतो.

संध्याकाळी विजयमाला नळावर गेली तशी मथुराबाई उठली. भिंत धरून फळीपाशी गेली, चाचपडत डबा काढला आणि आत हात घातला. पातळ, कोरड्या, कडकडीत भाकऱ्या होत्या. एकीवर एक, पार गळ्यापर्यंत. एक कड तिच्या बोटात मोडली आणि तिनं झटक्यानं हात बाहेर काढला.

भाकऱ्या कुणासाठी? तिनं तिथंच उभ्याउभ्या हिशेब मांडला. कुंडलिकाला रोज ताजी भाकरी लागते. सून माहेरी चाललीय. आणि माहेरी जाणारी पोर शिदोरी नेत नसते, तिथं आई बसलेली असते करून घालायला. कडक भाकरी त्याला बांधून देतात, ज्याच्यासाठी पुढं चूल पेटवणारं कुणी नाही. असं या घरात आता कोण होतं? करकंबचं घर तर रिकामंच पडलं होतं, बजाबाईच्या खोपीसारखं.

"म्हंजी कळलं ह्यास्नी," ती स्वतःशी पुटपुटली.

दुसऱ्या दिवशी त्यावर शिक्का बसला. कुंडलिक पहिल्या पाळीला निघता निघता उंबऱ्यात थांबला आणि म्हणाला, "आये, करकंबची किल्ली तुज्याकडंच हाय न्हवं?"

"का रं?"

"काय न्हाय, उगंच. एकदा जाऊन घर झाडूनबिडून यावं म्हंतो."

"आन झाडून काय करायचं?"

"काय न्हाय म्हंलं की," म्हणून तो गेलाच. सख्खा लेक, पण नजर टाळून बोलला असणार. डोळे नसले तरी आईला तेवढं कळतं. तिनं पिशवीतली किल्ली मुठीत धरली आणि दिवसभर तशीच धरून बसली.

गुरम्माकडून काही निघतंय का बघावं म्हणून ती दुपारी तिच्या ओसरीवर जाऊन टेकली. गुरम्मा लिंगायताची, माहेर अक्कलकोटच्या पलीकडचं. तिची चूल अजून शाबूत होती आणि तिच्या घरी कडक भाकऱ्यांची दुरडी बारा महिने भरलेली असायची. तिच्याकडं ते रोजचं खाणं. मथुराबाईच्या घरात मात्र ही भाकरी माणूस घराबाहेर निघाल्याशिवाय कधी झाली नव्हती. ज्याची त्याची रीत.

"गुरम्मा, आमची विजू हितं काय करती गं दुपारची?"

"अय्य, काय करती? बसती, बोलती." गुरम्मा जरा जास्तच मोठ्यानं बोलली. "पोटुशी पोर हाय. जीव रमवती की."

"चुलीपुढं रमवती व्हय जीव?"

"मला इचारू नका अव्वा. तुमच्या सुनंला इचारा." आणि ती भांडी घेऊन आत गेली, घासून ठेवलेलीच भांडी.

म्हणजे हीसुद्धा सामील. मथुराबाईला रडू आलं, पण ते तिनं गिळलं. हाकलून देण्याआधी आपणच निघावं, एवढा अभिमान तिच्यात शिल्लक होता. घरी येऊन तिनं दोन लुगडी, एक चोळी आणि नवऱ्याची जुनी शाल यांचं गाठोडं बांधलं. हाताला लागलेली ती चोळी विजयमालाची होती, हे काही तिला कळलं नाही.

गिरणीचा भोंगा झाला, कुंडलिक आला, हातपाय धुऊन जेवायला बसला. मथुराबाई गाठोडं मांडीवर घेऊन समोर बसली.

"मी करकंबला जाते उद्या," ती म्हणाली.

कुंडलिकाचा घास हातातच राहिला. "का? काय झालं?"

"मलाच इचारतुस? भाकऱ्या भरून ठिवल्या, किल्ली मागितली, आता सोंगं कशाला करता? सांगायचं व्हतं तोंडावर. मी काय पाय धरून बसले नसते."

"कसल्या भाकऱ्या?" कुंडलिक खरोखरच गोंधळला होता. "किल्ली पाळण्यासाठी पायजे व्हती, आये! माजा ल्हानपणीचा पाळणा हाय न्हवं तितं माळवदाला बांधलेला? त्याला वाळवी लागली का बगायचं व्हतं. पोर यायच्या आधी पाळण्याचं नाव काढू नये, तूच म्हंतीस. म्हणून गप बसलो."

मथुराबाईची गाठोड्यावरची पकड ढिली झाली. पण संशय असा एका तडाख्यात मरत नाही. "आन भाकऱ्या?" तिनं विचारलं. "त्या काय पाळण्यात घालायच्या?"

आता कुंडलिकानं बायकोकडं बघितलं. स्टो भरभरत होता. विजयमालानं तव्यावरची भाकरी उलटली.

"त्या माज्या हायती," ती म्हणाली. "डोहाळं लागल्यात. गुरम्माकाकूंकडची कडक भाकरी खावी वाटती. तुमी हसाल म्हणून लपवून ठिवल्या."

कुंडलिक हसलाच. खो खो हसला, पाणी प्याला, आईच्या मांडीवरचं गाठोडं उचलून खुंटीला टांगलं आणि बायकोसाठी वैरागच्या यष्टीची चौकशी करायला स्टँडवर गेला.

मथुराबाई मात्र जागची हलली नाही. डबा भरला होता गळ्यापर्यंत. डोहाळं लागलेली बाई खाते, साठवत नाही. सून लेकाशी तोंडावर खोटं बोलली होती, आणि मथुराबाईनं ते ऐकलं होतं.

"आता तो गेला," ती म्हणाली. "आता खरं बोल. कुणासाठी हायती?"

विजयमालानं स्टो बंद केला. घरात एकदम शांत झालं. ती जड अंगानं मथुराबाईजवळ येऊन बसली, तिचा उजवा हात आपल्या हातात घेतला आणि भाजल्याच्या वाळलेल्या खुणांवरून बोट फिरवलं.

"हे तेल न्हवतं, आत्याबाई."

मथुराबाईनं हात ओढून घ्यायचा प्रयत्न केला. सुनेनं सोडला नाही.

"मी त्या येळंला दारात उभी व्हते. तुमी तवा हुडकत व्हता हातानं. दिवाळीपासनं बगते मी. तांदळात खडं मुद्दाम ऱ्हाऊ दिलं, तुमी बोलला न्हाईसा. एरवी बोलला असता."

"मग तवाच का न्हाई बोललीस?"

"तुमी लपवत व्हता. तुमचं तुमी सांगावं, म्हणून गप बसले. पण आता मी चालले. तीन-चार म्हैनं न्हाई येणार. त्यांची पाळी सकाळची, तुमी घरात एकल्या. भूक लागली की तुमी उठणार, स्टो पेटवणार. पदर कुटं, जाळ कुटं, तुमाला दिसणार न्हाई. मला झोप लागंना. मग गुरम्माकाकू म्हणाल्या, आमच्या भाकऱ्या लई दिवस टिकत्यात, चुलीवर करून ठिव. दूध गवळी दारात देतो. त्यात कुस्करली की झालं. जाळाजवळ जायालाच नको."

बोलता बोलता तिनं मथुराबाईचा हात धरून फळीपाशी नेला. हा भाकऱ्यांचा डबा. त्याच्या उजव्या अंगाला शेंगाचटणीची बरणी. डाव्या अंगाला वाडगं. "हे हितंच ऱ्हातंय. मी तुमच्या लेकालाबी हलवू देणार न्हाई," ती म्हणाली.

मथुराबाईची बोटं बरणीवरून वाडग्यावर गेली, वाडग्यावरून परत डब्यावर आली. भाकऱ्या तिच्यासाठीच होत्या. तेवढा संशय अगदी बरोबर निघाला होता. तिला लाज वाटली, इतकी लाज, की नवरा जिवंत नाही हेच बरं असं वाटलं. त्यानं आयुष्यभर हसून घेतलं असतं.

"कुंडलिकाला सांगितलंस?" तिनं विचारलं.

"न्हाई. आत्ता बगितलं की तुमी. खोटं बोलले तुमच्यापायी. पण आत्याबाई, किती दिवस असं? हे मोतीबिंदू असंल तर काढत्यात हितं दवाखान्यात. गुरम्माकाकूंच्या सासूचा काढला. मी पोर घिऊन येणार. ते कुणावर गेलंय ते कोण सांगणार मला? आमच्या वैरागची माणसं समदं नाक आमचंच म्हणून मोकळी व्हतील."

मथुराबाई यावर हसली आणि हसता हसताच तिला हुंदका आला. पोराच्या तोंडाचा विचारच तिनं केला नव्हता. दिवाळीपासून ती फक्त आपल्या खोपीचा विचार करत होती.

दिवेलागणीला कुंडलिक आला. पायावरून तिनं ओळखलं. "शनवारची सकाळची यष्टी हाय," तो सांगू लागला.

"हितं ये. माज्यापुढं बस," मथुराबाई म्हणाली. आत ओट्यापाशी बांगड्या वाजायच्या थांबल्या. तिनं कमरेची पिशवी सोडली, किल्ली काढली. "ही घे. पाळणा घिऊन ये."

कुंडलिकानं हात पुढं केला. मथुराबाईनं किल्ली सोडली ती त्याच्या हाताच्या शेजारी, आणि ती खणकन फरशीवर पडली.

कुंडलिक किल्लीकडं बघत राहिला, मग आईकडं.

"व्हय," मथुराबाई म्हणाली. "मला दिसत न्हाय, बाबा. दिवाळीपासनं. पोर यायच्या आत काय करायचं ते कर."