टाकीतला वायू

निरवांगीचा सावळाराम एका डिस्टिलरीत कामाला होता. मळी आंबवायच्या टाकीत उतरला, तो जिवंत वर आला नाही. तळाशी साचलेल्या कार्बन डायऑक्साइडला ना रंग, ना वास. ‘न विचारता उतरला,’ एवढंच कागदावर आलं.

बारा वर्षांनी त्याची लेक निकिता बारामतीच्या एका कॉलेजात त्याच वायूवर संशोधन करत होती. उसाच्या चिपाडाचा कोळसा करून त्याची पट्टी बनवायची, ती पाण्यात बुडवून वीज द्यायची आणि वायू सोडायचा. पट्टीवर त्यातून जळणारा वायू तयार होई. नळकांड्यातल्या शुद्ध वायूवर हे जमलं होतं. टाकीतल्या वायूवर जमतं का, एवढंच बघायचं राहिलं होतं, आणि तेच ती टाळत होती. भांड्यात नुसते बुडबुडे उठले तरी तिला पाठीमागं कुणीतरी धापा टाकतंय असं वाटे.

शेवटी मन घट्ट करून ती त्याच डिस्टिलरीत गेली. रबरी पिशवीत वायू भरून द्यायला आबासाहेब फिटर आले. नळी आवळता आवळता त्यांनी तिच्याकडं निरखून पाहिलं.

"सावळारामची पोरगी न्हवं तू?"

"व्हय, आबा."

"त्यो उगाच न्हाय उतरला, पोरी. आदी मी उतरलो हुतो. घेरी यिऊन पडलो. मला काढाया त्यो खाली आला, त्यानं मला दोरीला बांधलं, वरच्यांनी वढून घेतलं. दोर परत खाली जाईस्तवर..." त्यांनी नळीची गाठ पुन्हा आवळली. "नोकरीच्या भ्यानं गप बसलो."

पिशवी छातीशी धरून निकिता एसटीत बसली. वाटभर ती पिशवी तिला उबदार लागत होती.

दुसऱ्या दिवशी तिनं आईला, प्रयागबाईला, प्रयोगशाळेत आणलं. सगळं सांगितलं. मग पिशवीच्या नळीची चावी फिरवून वायू पट्टीवर सोडला आणि वीज दिली.

"ह्योच का त्यो?" प्रयागबाईनं विचारलं.

"ह्योच."

उरलेला कार्बन डायऑक्साइड चुन्याच्या निवळीत अडकवून निकितानं पुढच्या नळीला काडी लावली. बारीक निळी ज्योत उभी राहिली. प्रयागबाई ज्योतीकडं टक लावून बघत राहिली. मग म्हणाली, "इझव ती. आबासाहेबाला घरी बोलव. त्यानं ह्ये गावाम्होरं सांगाया पायजे."

रविवारी ते आले. अंगणात माणसं बसली होती. प्रयागबाईनं आबासाहेबांना पाण्याचा तांब्या दिला. पाणी पिऊन त्यांनी पहिल्यापासून सगळं सांगितलं.

सावळाराम कुणाला काढायला खाली उतरला होता, तेही.