मडगार्डवरचा खड्डा

बाबांची नजर गेल्यापासून ट्रॅक्टर शेडमध्येच उभा होता. पत्र्याला गंज, रंगाचे पोपडे. या सुट्टीत मी पेंटरकाकांना बोलावलं. बाबांना दिसणार नाही, पण हात फिरवला की कळेल, एवढीच हौस.

काका घासत होते आणि मी लेकीला कडेवर घेऊन वारा कुठून येतोय ते बघत होते. जुन्या रंगातल्या शिशाच्या विषारी धुळीबद्दल वाचलेलं सगळं नेमकं तेव्हाच आठवत होतं.

"अगं, तिला घेऊन घरात जा. तुझ्याकडे बघून मलाच धाप लागते," काका म्हणाले. "हा मडगार्डवरचा खड्डा भरू ना?"

"भरा. एकही ठेवू नका."

तो खड्डा माझाच. सहा वर्षांची असताना पेरूवर भिरकावलेला दगड तिथे बसला होता. मी दिवसभर कणगीमागे लपले. दुसऱ्या दिवशी बाबांनी चहाचा ग्लास त्या खड्ड्यात ठेवला. "बघ, कसा बरोब्बर बसला! इतकी वर्षं जागाच नव्हती." मग रोज सकाळी इंजिन तापेपर्यंत ग्लास तिथेच. मी हे पार विसरून गेले होते.

खड्ड्यात भरलेल्या पुट्टीवरचा प्रायमर वाळल्यावर बाबा चहा घेऊन चाचपडत आले. सवयीने ग्लास ठेवला. तो घसरला आणि खळ्‌कन फुटला. मी आधी लेकीला उचललं, तिचे तळवे तपासले. मग बाबांकडे पाहिलं. त्यांची बोटं मडगार्डवर काहीतरी शोधत होती.

"गुळगुळीत झालाय गं," ते हळूच म्हणाले. "आपलाच आहे ना?"

मी काकांकडे वळले.

"काका, पुट्टी काढा."

"दोन दिवस घासलंय! लोक म्हणतील, पेंटर आंधळा होता."

"मालक आंधळा आहे म्हणून सांग," बाबा म्हणाले.

काकांनी पटाशी उचलली. लेकीला आईजवळ सोडून, नाकाला ओढणी बांधून मीही पॉलिश पेपर घेतला.

लाल रंग चढला, वाळला. बाबांनी अंगठ्याने खड्डा शोधला, ग्लास ठेवला, हात सोडला. ग्लास हलला नाही. शेजारी मी लेकीला घट्ट धरून उभी होते.

"इतकी घट्ट नको धरूस," बाबा चहाचा घोट घेत म्हणाले. "फक्त हातात दगड नाही ना, तेवढं बघ."