पदराखालची सांजोरी

भडगावच्या बेबाबाईच्या छातीत कॅन्सरची गाठ निघाली, तेव्हा तिच्या मुलीनं, नूतननं, भावांची वाट पाहिली नाही. आईला सरळ जळगावला आपल्या घरी आणलं. ऑपरेशन झालं, केमो सुरू झाली. त्याच सुमारास नूतननं मोबाइलवर एक व्हिडिओ पाहिला : साखर बंद करा, गाठ उपाशी मरेल.

दुसऱ्या दिवसापासून बेबाबाईचा गोड चहा बंद. मग गूळ गेला, केळी गेली, शेवटी भातही. सकाळी कारल्याचा रस, दोन्ही वेळा भाकरी आणि पालेभाजी. केमोनं तोंड सोललेलं, भाकरी गिळवेना.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घरात आमरस झाला, गोड सांज्याच्या सांजोऱ्या तळल्या. दुपारी नूतन खोलीत गेली, तर आई भिंतीकडे तोंड करून काहीतरी चघळत होती. पदराखाली अर्धी सांजोरी! नूतननं ती हिसकावली.

"माय, तुला मरायचंय का? मी इथं जिवाचं रान करतेय अन् तू चोरून खातेस?"

"एकच घास खादा बेटा," म्हातारी पुटपुटली. "सन शे ना आज."

पुढच्या केमोला वजन भरलं छत्तीस किलो. डॉक्टरांनी केमो पुढं ढकलली आणि जेवणाचं विचारलं. नूतननं अभिमानानं सगळं सांगितलं. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

"साखर तोडून गाठ मरत नाही, मॅडम. अन्न मिळालं नाही तर शरीर अंगातलं मांस मोडून साखर करून घेतं. जादा गोडानं वजन वाढतं, त्यातून आजार होतात, हे खरं. पण यांना मधुमेह नाही, आणि या वाळत चालल्यात. जे जाईल ते खाऊ द्या."

घरी येताच नूतननं तुपातला शिरा केला. "खा माय."

बेबाबाईनं ताटलीकडे पाहिलं, मग लेकीकडे. "ऱ्हाऊ दे. तू रागावशी."

"नाही गं रागावणार!"

दोन घास तिनं कसेबसे गिळले आणि कूस बदलली. भूक मेली होती, ती परत आलीच नाही. केमो महिनाभरानं सुरू झाली, पण अर्ध्यावरच थांबवावी लागली. आषाढात बेबाबाई गेली.

"आजार यकृतात पोचला होता. स्वतःला दोष देऊ नका," डॉक्टर म्हणाले. नूतननं मान हलवली. ते खरंही असेल. पण शेवटचे काही महिने आपली माय आपल्याच घरात, प्रत्येक घासाआधी आपल्या तोंडाकडे बघत होती, हे डॉक्टरांना कुठं ठाऊक होतं?