दार लावून शिजवलेला स्ट्यू

सासूबाई गेल्या त्याला तीन वर्षं झाली. जाण्यापूर्वी त्यांनी थोरल्या लेकीला बांगड्या दिल्या, धाकट्या सुनेला शिवणयंत्र दिलं आणि माझ्या गळ्यात रविवार टाकला.

रविवार म्हणजे मटणाचा स्ट्यू. आमच्या घरात हे वेगळं सांगावं लागत नाही. दुपारी एकला नणंदबाई, त्यांचे यजमान, धाकटे दीर, जाऊबाई आणि त्यांची तीन पोरं हजर होतात. आम्ही दोघं धरून नऊ पानं. ‘येऊ का?’ असं कुणी विचारत नाही. सासूबाईंना कधी विचारलं नाही, मग मला कशाला विचारतील?

या स्ट्यूचा एक नियम आहे. पातेलं एकदा मंद आचेवर गेलं की स्वयंपाकघराचं दार लावून घ्यायचं आणि शिजवणारी सोडून कुणीही आत जायचं नाही. दार उघडलं की स्ट्यू बिघडतो, असं सासूबाई म्हणायच्या. कसा बिघडतो ते त्यांनी सांगितलं नाही आणि त्यांच्या मुलांनी विचारलं नाही. माझा नवरा लिफ्ट दुरुस्त करतो. कुठली तार कुठे जाते याचा छडा लावल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. पण आईच्या त्या दारापुढे त्याची अक्कल गहाण. ‘आई म्हणायची ना, मग असेल काहीतरी,’ की संपलं. मीही मुकाट्याने दार लावत आले. तेवढा वेळ निदान ‘पाणी दे’ म्हणायला तरी कुणी येत नाही.

नियम पाळला, प्रमाण पाळलं, पातेलंसुद्धा त्यांचंच वापरलं. तरी माझा स्ट्यू एकदाही पास झाला नाही. पहिला घास नणंदबाई घेतात. त्या चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासतात, आणि इतकी वर्षं तपासून त्यांची नजर अशी झालीय की समोरचा माणूस आपोआप ताठ बसतो. घास सावकाश गिळतात आणि म्हणतात, “छान झालाय. पण आईसारखा नाही.” मग धाकटे भाऊजी मान डोलावतात. माझा नवरा ताटातला बटाटा इकडून तिकडे सरकवत बसतो. दीडशेच्या वर रविवार मी हेच ऐकलंय. कान किटले माझे.

मी इस्पितळाच्या लाँड्रीत इस्त्रीच्या मोठ्या रोलरवर असते. दोघींनी ओल्या चादरीचे कोपरे धरायचे, ताणायचे, रोलरमध्ये सोडायचे आणि लगेच पुढची चादर उचलायची. आठ तास उभ्याने. त्या शनिवारी दोन रोलरपैकी एक बंद पडला आणि दोन्हींच्या चादरी आमच्या एकाच रोलरवर आल्या. घरी पोचले तेव्हा टाचा जमिनीला टेकत नव्हत्या. बुटांचे बंद सोडायला वाकले आणि तशीच दाराशी स्टुलावर बसून राहिले. नवरा म्हणाला, “अगं, काय झालं?” काय सांगणार? काही झालं नव्हतं. दमले होते, एवढंच, आणि ते रोजचंच होतं.

तिथे बसूनच मी ठरवलं, की उद्याचा स्ट्यू शेवटचा. सगळ्यांची ताटं वाढून झाली की सरळ सांगायचं, पुढच्या रविवारपासून जमणार नाही. मला आठवड्यातला एक दिवस हवा होता, ज्या दिवशी मी कशापुढेही उभी राहणार नाही. मागणी काही फार मोठी नव्हती. तरी ती मनातल्या मनात म्हणतानाही मी अडखळले, कारण या घरात रविवार मोडणं म्हणजे आईला दुसऱ्यांदा पोचवून येणं.

सकाळी नेहमीसारखी कामाला लागले. कोकराच्या खांद्याचं मटण, हाडांसकट, फडक्याने टिपून कोरडं केलं. ते थोडं थोडं परतावं लागतं. घाई करून सगळं एकदम टाकलं तर त्याला पाणी सुटतं, आणि तुकडे लाल व्हायच्या ऐवजी पांढरेफटक पडतात. चार खेपा झाल्या. मग त्याच चरबीत कांदे, मग गाजरं, तमालपत्र, मिरे, दोन मुठी बार्ली आणि बुडेल इतकं गरम पाणी. उकळी आल्यावर आच अगदी बारीक केली, दार लावलं आणि भिंतीला टेकलेल्या स्टुलावर बसून बटाटे सोलायला घेतले. दोन तासांनी बटाटे पातेल्यात सोडले. आता फक्त अधूनमधून तळापासून ढवळायचं होतं, कारण बार्ली आणि बटाटा खाली बसतात आणि नजर हटली की चिकटतात.

मी पुन्हा स्टुलावर बसले. बाहेर काय बोलायचं ते घोळवत होते. ‘ताई, रागावू नका, पण...’ नको. रागावायचं असेल तर रागावू देत. ‘भाऊजी, तुम्हीच सांगा...’ ते काय सांगणार, कप्पाळ! असं तीन-चारदा झालं आणि पुढचं मला आठवत नाही.

जाग आली ती मान अवघडून. डोकं भिंतीला टेकलेलं होतं, नेमकं तिथे, जिथे रंगावर एक तेलकट काळपट डाग आहे. तो डाग मी या घरात आल्यापासून बघतेय. साबणाने घासला, सोड्याने घासला, वरून रंगही दिला, तरी तो परत वर येतो. मी त्याच्याकडे बघत होते आणि तेवढ्यात नाकात करपट वास शिरला. ताडकन उठले. गॅस बंद होता. झोपेत मीच बंद केला की काय, कोण जाणे. डाव तळापर्यंत घातला तर तळ चांगलाच चिकटलेला लागला. चव घेतली. जळका असा नाही, पण करपटपणा सगळ्या रश्श्यात उतरला होता. घड्याळात एक वाजायला आला होता आणि बाहेर नणंदबाईंचा आवाज येत होता.

मला रडू आलं नाही, संताप आला. शेवटचा स्ट्यू तरी असा करायचा होता की जाताना त्यांच्या तोंडाला कुलूप लागलं असतं. आता म्हणणार, जमेना झालंय म्हणून हात झटकते. पण नऊ माणसांना वाढायचं होतं आणि दुसरं काही शिजलेलं नव्हतं. तळ न हलवता वरचं वरचं मोठ्या भांड्यात काढलं, पाव कापले आणि ते भांडं बाहेर नेऊन ठेवलं. म्हटलं, होऊन जाऊ दे एकदा.

पहिला घास भाऊजींनी घेतला. चावता चावता थांबले. माझ्याकडे बघितलं, मग नवऱ्याकडे. “दादा,” ते म्हणाले, “अरे, हा आईचा आहे.”

नवऱ्याने चमचा तोंडात घातला आणि त्याचे डोळे भरून आले. लग्नाला सतरा वर्षं झाली. अडकलेल्या लिफ्टमधून माणसं काढताना हा गडी शिट्टी वाजवतो. त्याला मी असं कधी पाहिलं नव्हतं. जाऊबाई म्हणाल्या, “अगदी तीच चव हो! काय घातलंत आज?” भाऊजींनी तर ताट पुसून पुन्हा पुढे केलं. “वहिनी, तीन वर्षं लागली, पण शेवटी साधलं तुम्हाला! आता दर रविवारी असाच करा. काय केलं ते लिहून ठेवा कुठेतरी.”

काय लिहून ठेवणार होते मी? शनिवारी टाचा सुजेपर्यंत उभं राहावं, रविवारी पहाटे उठावं आणि बटाटे टाकून झाल्यावर मेल्यासारखं झोपावं? भिंतीवरचा तो डाग डोळ्यांसमोर आला. माझं डोकं बरोबर त्या डागावर गेलं होतं, आणि त्या स्टुलावर माझ्याआधी सासूबाईच बसायच्या. मग मला सगळं एकदम लक्षात आलं. मी खुर्ची ओढून बसले.

“काही केलं नाही,” मी म्हणाले. “करपलाय तो. मी झोपले होते.”

भाऊजी हसले. त्यांना वाटलं मी थट्टा करतेय.

“आणि तुमची आईपण झोपायची,” मी म्हणाले. माझा आवाज चढला होता, पण मी तो आवरला नाही. “बिस्किटांच्या कारखान्यात सहा दिवस उभ्याने डबे भरायच्या ना त्या? सातव्या दिवशी दार लावून झोपायच्या. दार उघडलं की स्ट्यू बिघडतो म्हणे! त्यांना दुसरीकडे कुठे पाठ टेकायला मिळत होती का? आणि तुम्ही सगळे बाहेर बसून बोटं चाटायचात. एकालाही कधी वाटलं नाही, की दर रविवारी हिचं पातेलं खाली का लागतं?”

पोरांनीसुद्धा चमचे खाली ठेवले. नवरा माझ्याकडे असा बघत होता जणू मी त्याच्या आईला शिवी दिली. मी नणंदबाईंकडे बघितलं. बोलल्या तर त्याच बोलतील, हे मला ठाऊक होतं. त्यांनी ताटाला अजून हात लावला नव्हता.

“मला माहीत होतं,” त्या म्हणाल्या.

“काय माहीत होतं?” नवऱ्याने विचारलं.

“ती झोपायची ते. मी अकरा वर्षांची होते. वास आला म्हणून दार उघडलं. तोंड उघडं टाकून झोपली होती, एक चप्पल पायातून निघालेली. हाक मारणार होते, पण उठली असती तर लगेच कामाला लागली असती. तुझं नाक पूस, माझी वेणी घाल. म्हणून गॅस बंद केला आणि दार लावून घेतलं. मग दर रविवारी तेच. वास येईपर्यंत बाहेर थांबायचे आणि मग गुपचूप जाऊन गॅस बंद करायचे. आधी गेले असते तर मटण कच्चं राहिलं असतं. नंतर अर्धा तास तरी तिला मिळायचा.”

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. चष्म्याशिवाय त्यांचा चेहरा मी तोवर पाहिलाच नव्हता. बराच थकलेला होता.

“आजचाही मीच बंद केला,” त्या मला म्हणाल्या. “गेल्या रविवारी तू ताटावर पेंगत होतीस. म्हणून आज लवकर आले, म्हटलं हाताखाली काहीतरी करू. दार ढकललं तर तू तशीच बसलेली. नाही उठवलं गं.”

माझा राग अजून उतरला नव्हता. दीडशे रविवारांचा राग होता, तो असा एका वाक्याने कसा उतरेल? “मग ताई, तीन वर्षं मला काय ऐकवत होतात? आईसारखा नाही, आईसारखा नाही! तुम्हाला तर माहीत होतं का नाही ते.”

“हो, माहीत होतं.” त्या म्हणाल्या. “तुझा आईपेक्षा चांगला व्हायचा. पहिल्याच रविवारी झाला होता. तो खाल्ला आणि कळलं, तिला कुणी जागं राहण्याइतकी झोप दिली असती तर तिचाही असाच झाला असता. आम्ही तिच्या हातचा खरा स्ट्यू कधी खाल्लाच नाही. दर रविवारी इथे बसून ते कळायचं मला. सहन व्हायचं नाही, म्हणून तुझ्यावर काढायचे. चुकलंच माझं.”

माझ्या नवऱ्याने हाताने तोंड झाकलं. भाऊजींनी पुढे केलेलं ताट हळूच मागे घेतलं.

मला वाटलं होतं, असं काही झालं तर मी विरघळून जाईन आणि म्हणेन, जाऊ द्या ताई, पुढच्या रविवारी या. तोंडापर्यंत आलंही होतं. पण टाचा ठणकत होत्या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता रोलर माझी वाट बघणार होता. मी म्हणाले, “पुढच्या रविवारी मी करणार नाही. त्याच्या पुढच्याही नाही. केव्हा करेन सांगता येत नाही.”

“मी करतो,” नवरा घाईघाईने म्हणाला. त्याला अंडं धड उकडता येत नाही. एरवी सगळे हसले असते.

“तुम्ही करा, नाहीतर पाव खाऊन राहा,” मी म्हणाले. “मला विचारू नका, एवढंच.”

“कुणी विचारणार नाही,” नणंदबाई म्हणाल्या. त्यांनी पहिल्यांदा चमचा उचलला आणि थंड झालेला स्ट्यू खाली मान घालून शेवटपर्यंत खाल्ला.

मी उठले. ताटं तशीच होती, खरकटं तसंच होतं. भर दुपारी, घरात सात पाहुणे असताना, मी खोलीत गेले आणि आडवी झाले. असं मी जन्मात केलं नव्हतं. बाहेर कुजबुज चालली होती. करपलेलं पातेलं कुणी घासायचं यावरून दोघा भावांत जुंपली. जाऊबाई दोघांना गप्प करत होत्या. मग नळ सुटला आणि घासणीचा खरखर आवाज यायला लागला. बराच वेळ येत राहिला.

सासूबाई आणि माझं कधी पटलं नव्हतं. त्या गेल्या तेव्हा चारचौघांसारखे डोळे पुसले, तेवढंच. त्या दुपारी अंथरुणावर पडून मी त्यांच्यासाठी पहिल्यांदा खरी रडले, आणि रडता रडताच मला झोप लागली.