पुठ्ठ्याची जीभ

बाइंडरकाकांच्या पुठ्ठ्याइतकं लाडावलेलं कुत्रं त्या गल्लीत दुसरं नव्हतं, पण लाडावून ठेवणाऱ्याला हे कबूल नव्हतं. "मी कुठे लाड करतो? तोच माझे करतो," असं काका म्हणायचे. त्यात थोडं तथ्यही होतं. सकाळी दुकानाचं शटर वर गेलं की पुठ्ठ्या आधी काकांचा उजवा हात चाटायचा, मग डावा, मग बोटांच्या बेचक्या, कुणी नेमून दिल्यासारखा. काका हात पुढे करून उभे राहायचे. बायको जाऊन सहा वर्षं झाली होती. लेक मायेची होती, पण ती सकाळीच इस्पितळात नर्सच्या ड्यूटीवर पळायची, आणि चाळिशीची लेक बापाचा हात धरून थोडीच बसते. दिवसभरात काकांना कुणी हात लावत असेल तर तो पुठ्ठ्या, आणि तोही जिभेने.

खोड काकांनीच लावली होती. तीन वर्षांपूर्वी दुकानामागे पुठ्ठ्याच्या खोक्यात ते पिल्लू सापडलं, तेव्हा त्याचे डोळेही धड उघडले नव्हते. बाटलीने दूध पाजणं काकांना काही जमेना. शेवटी त्यांनी आपल्या धंद्यातली अक्कल वापरली. पुस्तकं चिकटवायला शिजवतात तशी मैद्याची खळ शिजवली, दूध घालून पातळ केली आणि बोटाला लावून पिल्लाच्या तोंडात दिली. पिल्लू जगलं. पण काकांचा हात म्हणजेच आई, हे त्याच्या डोक्यात जे बसलं ते बसलंच.

कामाच्या खळीत मात्र काका मोरचूद घालत, पुस्तकांना कसर लागू नये म्हणून. मोरचूद म्हणजे विषच. त्यामुळे साबणाने हात धुतल्याशिवाय घासाला शिवायचं नाही, हा नियम काकांनी चाळीस वर्षांत एकदाही मोडला नव्हता. तेच हात कुत्रं दिवसभर चाटून साफ करतंय, हे मात्र या शहाण्या माणसाच्या ध्यानातच आलं नाही.

पुठ्ठ्याने तीन दिवस अन्न पोटात ठेवलं नाही, तेव्हा आलं.

"या वेळी वाचला," जनावरांच्या डॉक्टरीणबाई सलाईन काढताना म्हणाल्या. "पुन्हा असं झालं तर माझ्या हातात काही नाही."

"मोरचूद आजपासून बंद," काका म्हणाले. "पण दुरुस्तीला येतात ती जुनी पुस्तकं. त्यांच्या पाठीत कुणी काय काय घालून ठेवलंय, देव जाणे. ते खरवडलं की हातालाच लागतं."

"हातमोजे घाला."

"कागद बोटांना कळावा लागतो हो."

"मग याला घरी ठेवा."

तेही करून झालं. पुठ्ठ्याने दोन दिवस वाडग्याला तोंड लावलं नाही आणि दाराचा रंग नखांनी खरवडून काढला. मग डॉक्टरीणबाईंनी शेवटचा उपाय सांगितला. चाटायला लागला की हात काढून घ्यायचा आणि पाठ फिरवायची. रागवायचं नाही, "नको रे राजा" म्हणून समजूतही घालायची नाही, कारण त्याला दोन्ही लाडच वाटतात. जीभ आत ठेवून बसला की लगेच उकडलेल्या अंड्याचा तुकडा द्यायचा. रोज, दर वेळी, न चुकता.

काका कामाला लागले. पुठ्ठ्या चाटायला आला की भिंतीकडे तोंड करून उभे राहायचे. भिंतीवर नुसतं जुनं कॅलेंडर होतं. पंधरा दिवसांत त्यातले सगळे वार त्यांना पाठ झाले, पण पुठ्ठ्याची जीभ काही आत जाईना. दुपारपर्यंत जरा सुधारल्यासारखा वाटायचा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. समोरचा चष्मेवाला दारात उभा राहून मजा बघायचा.

"काका, जित्याची खोड आहे ती," तो एकदा म्हणाला.

पुढचे शब्द त्याने उच्चारले नाहीत, पण म्हण कुठे जाऊन संपते हे काकांना ठाऊक होतं. त्या दिवशी त्यांचं कामात लक्ष लागलं नाही. एका जाडजूड शब्दकोशाला त्यांनी पाठ उलटी चिकटवली.

चोरी पकडली लेकीने. डबा विसरला म्हणून ती एका सकाळी अर्ध्या वाटेतून परत आली. दुकान घराखालीच होतं. शटर अर्धं वर होतं आणि आत काका डोळे मिटून, दोन्ही हात पुढे करून उभे होते. पुठ्ठ्या डाव्या हातापर्यंत पोचला होता.

"बाबा!"

काकांनी हात मागे लपवले. "धुतलेले आहेत. साबणाने, दोनदा."

"त्याला कळतं का धुतलेले कुठले ते? रोज सकाळी हेच चालतं ना? दिवसभर शिकवायचं आणि सकाळी पुसून टाकायचं. मारायचंय का त्याला?"

काका खुर्चीत बसले. मग पुठ्ठ्याकडे बघत म्हणाले, "दिवसभरात तेवढाच कुणाचा तरी हात लागतो गं मला."

लेक उभीच राहिली. मग वर जाऊन तिने डबा घेतला आणि ती गेली.

त्या दिवसापासून काका सकाळीही भिंतीकडे वळू लागले. पुठ्ठ्या पाठीमागे कुंईकुंई करायचा, पण काका मागे वळले नाहीत. पाचव्या दिवशी कुंईकुंई थांबली. नवव्या दिवशी शटर वर गेलं, पुठ्ठ्या धावत आला, त्याने काकांच्या हातापाशी नाक नेलं आणि तो जीभ आत घेऊन खाली बसला. कुणी न सांगता बसला. चष्मेवाल्याने समोरून टाळी वाजवली.

काकांनी अंड्याचा तुकडा दिला. कुत्रं जगणार होतं. आनंद तर झालाच, पण हात तसाच पुढे राहिला होता आणि तो मागे कसा घ्यायचा हेच त्यांना कळेना. डोळे भरून आले.

लेक मागेच उभी होती. ड्यूटीचे कपडे अंगात होते, पण पायांत अजून घरातल्याच चपला होत्या.

"तुझी बस जाईल," काका म्हणाले.

"पुढची असते की." तिने खुंटीवरचा टॉवेल घेतला. "हात धुतलेत, पण पुसलेत कुठे? ओले राहिले की भेगा पडतात, इस्पितळात बघते ना मी रोज."

तिने बापाचा उजवा हात हातात घेतला आणि सावकाश पुसला. मग डावा. मग एकेक करून बोटांच्या बेचक्या. पुठ्ठ्या जीभ आत ठेवून बघत होता. त्याचं नीट बसणं बघून तिने त्यालाही एक तुकडा दिला.

पुढची बसही गेली.