दांडीचा हात

"अण्णा, डावीकडे घ्या! डावीकडे!" शैलेश ओरडला, आणि अण्णांनी चाक उजवीकडे फिरवलं.

समोर जानीची होडी होती. डहाणूच्या खाडीत जाळं सोडून ती निवांत बसली होती. शैलेशनं आडवं पडून चाक हिसकावलं, मशीन बंद केलं. बोट होडीच्या अगदी जवळून घसरत गेली. पाणी उसळून जानीच्या मांडीवर आलं.

"शैल्या, मेल्या, पर्यटक फिरवून पोट भरत नाय काय तुझं, म्हणून आमाला बुडवतोस?" ती उठून उभी राहिली. मग चाकाशी कोण आहे ते तिला दिसलं. "अगो बाय! अण्णा तुम्ही?"

"चाक नवं आहे, जानी."

"चाक नवं असेल. खाडी तर जुनीच ने?"

शैलेश हसला. अण्णांनीही हसून दाखवलं. चूक कुठं झाली ते त्यांना तेवढ्यात कळलं होतं. ती डोळ्यांची नव्हती की घाईचीही नव्हती. सुकाणूच्या दांडीवर काम करणाऱ्याला बोट डावीकडे न्यायची असेल, तर तो दांडी उजवीकडे ओढतो. अण्णांनी आयुष्यभर तेच केलं होतं. बोटीच्या मागच्या टोकाला उभं राहायचं, दांडी काखेत धरायची आणि सगळी बोट, सगळे खलाशी समोर ठेवून समुद्रात जायचं. विचार करायला वेळ असला की चाक बरोबर फिरायचं. समोर काही आलं की हात जुन्या वाटेनं जायचा.

"पयल्यांदा सगळ्यांचं होतं असं," शैलेश म्हणाला. "अजून आठ दिवसांत बसेल हात."

चाकाची सवय करायला अण्णा आठवडाभर रोज शैलेशच्या बोटीवर येत होते. आजचा शेवटचा दिवस होता.

अण्णांची जुनी लाकडी बोट मोडीत निघाली होती. नवी फायबरची बोट नवीन नावाच्या मिस्त्रीच्या शेडमध्ये उभी होती आणि तिला सुकाणू कसलं बसवायचं, हे ठरायचं होतं. तो मूळचा कैनाड गावचा. शेतातले पंप आणि ट्रॅक्टर दुरुस्त करता करता तो बोटींच्या मशीनकडे वळला. त्यानं तीन मार्ग सांगितले होते. मशीनलाच दांडी ठेवायची. त्यात बिघडायला काही नाही, पण एवढ्या मोठ्या मशीनची दांडी हाताला ओढ फार देते. दुसरं, तारेवर चालणारं चाक. तार खाऱ्या पाण्यात गंजते आणि मग जड जाते. तिसरं तेलाच्या दाबावर चालणारं. ते महाग, पण एका बोटानं फिरतं.

"दांडीच ठेवा," यतीन म्हणाला होता. यतीन अण्णांचा मुलगा. मासळीचा टेम्पो घेऊन तो तलासरीला जायचा, हंगामात बापाबरोबर बोटीवर. "अण्णा तांडेल आहेत. त्यांच्या हाताला जे सवयीचं ते."

तांडेल म्हणजे ज्याच्या हातात सुकाणू आणि ज्याच्या शब्दावर जाळं पाण्यात पडतं तो. तेलाचं चाक हवं होतं ते अण्णांनाच. का, ते फक्त त्यांच्या बायकोला, वसुमतीला माहीत होतं.

त्या दिवशी अण्णा घरी आल्यावर तिनं दार लोटून घेतलं आणि त्यांच्या उजव्या हाताची बाही हळूच ओढून काढली. गेल्या हंगामापासून तो खांदा वर जात नव्हता. डहाणू रोडच्या डॉक्टरनं झटका बसू देऊ नका असं सांगितलं होतं. दांडी म्हणजे तर झटकेच.

"बाजारात पोचलं पण," वसुमती म्हणाली. "जानी सांगते, तांडेल माझ्यावर बोट घालत होता."

"सांगेल नाय तर काय."

"झालं काय पण?"

"हात उलटा जातो."

ती शर्ट घडी करत राहिली. "मग दांडी घ्या."

"ओढू कशानं?"

"यतीन ओढेल. त्याला शिकवायचंच होतं ना कधीतरी?"

"शिकवायचं होतं," अण्णा म्हणाले. "देऊन टाकायचं नव्हतं."

खांद्याला चोळायच्या तेलाची वाटी वसुमतीनं चुलीवर ठेवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी अण्णा शेडमध्ये गेले. बोट लाकडी ठोकळ्यांवर होती. मागं मशीन लटकवलेलं, आणि चाचणीपुरतं चाक एका फळीवर आवळून त्यापासून दोन काळ्या नळ्या मशीनपर्यंत नेलेल्या. नवीन हात पुसत वर आला.

"बोला अण्णा. हेच ना फायनल?"

अण्णांनी चाक थोडं फिरवलं. खरंच एका बोटानं फिरत होतं. खांद्याला पत्ताही लागत नव्हता.

"नवीन, ह्याच्यात एक अडचण आहे." ते थांबले. "माझा हात दांडीचा आहे. ऐन वेळी उलटा जातो."

नवीननं क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं. "एवढंच ने? मग आपण चाकच उलटं करू."

"म्हणजे?"

"ह्या दोन नळ्या. डावीकडे फिरवलं तर तेल हिच्यातून जातं, उजवीकडे तर तिच्यातून. अदलाबदल केली की झालं."

त्यानं पाना घेतला. खाली थोडं तेल सांडलं, नळ्या बदलल्या गेल्या, आतली हवा काढून झाली. "आता फिरवा."

अण्णांनी चाक उजवीकडे नेलं आणि मान वळवून मागं पाहिलं. मशीन वळलं होतं, आणि बोट पाण्यात असती तर डावीकडे गेली असती. त्यांनी परत फिरवलं. मग मागं बघणं सोडून दिलं. समोर शेडची पत्र्याची भिंत होती, पण त्यांना खाडीचं तोंड दिसत होतं; डाव्या अंगाचे खडक, उजवीकडची रेतीची पट्टी, मधली अरुंद वाट. हात आपोआप जात होते. एकदाही चुकले नाहीत. आणखी दहा हंगाम तरी सुकाणू आपल्याच हातात राहील, असं त्यांना वाटलं.

"कुणाला कळणार पण नाय," नवीन म्हणाला. "दुसरा कुणी चाकावर आला तर तेवढं सांगून ठेवा."

"दुसरा कोण येतोय?"

बाहेर टेम्पो थांबला. तलासरीहून परतलेला यतीन बर्फाच्या पाण्यानं भिजलेल्या पायांनीच बोटीवर चढला.

"लागलं काय चाक? बघू." अण्णा बाजूला झाले. यतीननं टेम्पोचं धरावं तसं चाक धरलं, डावीकडे वळवलं आणि मागं पाहिलं. पुन्हा वळवलं. मग हसायलाच लागला. "नवीनभाय, जेवून आलास की पिऊन? उलटं लावलंयस! मी तर पहिल्याच दिवशी खडकावर चढवीन."

नवीन पाना हातात धरून अण्णांकडे बघत राहिला.

"परत फिरव," अण्णा यतीनला म्हणाले. "समज, समोर होडी आली. उजवीकडे घे!"

यतीनचा हात झटकन उजवीकडे गेला. मशीन भलतीकडे वळलं. उलटं आहे हे आता त्याला ठाऊक होतं, तरी गेला. त्या हाताकडे अण्णा बराच वेळ पाहत राहिले.

"उलटंच लागलंय," ते म्हणाले. "सरळ कर, नवीन."

"अण्णा, बघा हां. एकदा विचार—"

"सरळ कर."

यतीनचं हसू ओसरलं. "पण तुम्हाला जमेल ना? चालवायची तर तुम्हालाच."

"पुढं उभं राहून कुठं किती पाणी ते सांगायला एक माणूस लागतोच," अण्णा म्हणाले. "चाकावरून सगळं दिसत नाय."

यतीननं चाक सोडलं आणि नवीनला वाट करून दिली.

नवीननं नळ्या पुन्हा जागेवर लावल्या, फळीवरचं चाक सोडवलं आणि ड्रिल घेऊन केबिनपाशी आला. "उंची किती ठेवू? चाक कोपराच्या रेषेत आलं की कंबर दुखत नाय." टेप घेऊन तो सवयीनं अण्णांपुढं उभा राहिला.

अण्णांनी त्याच्या हातून खडू घेतला. यतीनला दंडाला धरून केबिनसमोर सरळ उभं केलं आणि त्याच्या कोपराशी रेघ ओढली. ती अण्णांच्या कोपराहून चांगली चार बोटं वर होती.

ड्रिल सुरू झालं. केबिनचा फायबर थरथरू नये म्हणून अण्णांनी तो आतून तळहातानं दाबून धरला. पांढरा भुगा त्यांच्या पायांवर पडत होता. भोक आरपार होईपर्यंत त्यांनी पाय हलवले नाहीत.